चित्र आलं की सांग

आमच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यात कुणीतरी एक लांबलचक मजकूर टाकते. आपल्या वेळची कार्टून किती गोड होती, रविवारची सकाळ कशी असायची, आताच्या पोरांना ते सुख कुठून कळणार, वगैरे. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. मी ते वाचते, मोबाईल उपडा ठेवते आणि पुन्हा ब्लाऊजच्या अस्तराला लागते. त्यात भर घालावी असं मला कधी वाटलं नाही. एक तर लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते. आणि दुसरं म्हणजे त्या रविवारांपैकी एक रविवार मला आठवायचाच नसतो.

मी देऊळगाव राजाला राहते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, पिकोचं मशीन, गिऱ्हाइकांच्या पिशव्या, एक दिवाण, आणि दिवाणाच्या टोकाशी भिंतीला टेकून बसलेली माझी सात वर्षांची लेक. तिच्या हातात मोबाईल. नवरा जालन्याला बियाण्यांच्या गोदामात कामाला आहे, सकाळच्या बसने जातो, दिवेलागणीला येतो. म्हणजे दिवसभर मी, मशीन आणि लेक.

मोबाईल तिला मीच दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या ग्रुपवर सगळ्या अशा लिहितात जणू पोरांनी मोबाईल कुठून तरी चोरून आणले. ती तीन वर्षांची असताना तिने माझी कात्री उचलून एका नवरीच्या शालूला लावली होती. शालू वाचला, पण त्या दिवसापासून कामाच्या वेळी तिच्या हातात मोबाईल गेला. मग त्या कार्टूनच्या आवाजाने माझं डोकं उठायला लागलं. सारखी तीच गाणी, सारख्या त्याच किंकाळ्या. म्हणून कानात घालायच्या वायरीही मीच आणल्या. त्यानंतर घरात शांतता झाली आणि माझी शिलाई दुप्पट झाली. लेक हिंदी बोलायला लागली, तीही कार्टूनमधली हिंदी. भूक लागली तरी हिंदीत सांगते. मी वऱ्हाडीत ओरडते, ती हिंदीत रुसते, असं आमचं चालतं.

तिची कार्टून मी कधीमधी मान वळवून बघते. रंग असे की डोळे दिपावेत. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. आपल्याला काय आवडलं हे मोबाईललाच जास्त कळतं. लेक बघत असते, पण तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते बाबांच्या लक्षात आलं, तेही दिसत नसताना.

बाबा फाल्गुनात आमच्याकडे आले. ते गावी, उंद्रीला, एकटे असतात. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. भाऊ पुण्याला. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि डावा आधीपासून अधू, म्हणून महिनाभर तरी कुणाजवळ राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, उन्हात फिरायचं नाही. मी आग्रहाने घेऊन आले. ते काळा चष्मा लावून दिवाणावर बसायचे, लेकीच्या शेजारीच. दिवसातून चार वेळा मी मशीन थांबवून त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची.

पहिल्या दिवशी ते तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "काय पाहून राह्यली वं माय?"

तिने मान वर केली नाही. कानात वायरी.

"कार्टून पाहते, बाबा," मी मशीनवरून म्हटलं.

"हाव का," ते म्हणाले आणि समोर भिंतीकडे बघत बसले. भिंत त्यांना दिसत होती की नाही कोण जाणे.

कार्टून हा शब्द बाबांच्या तोंडून आला की माझे खांदे आपोआप वर चढतात. त्याचं कारण तो रविवार.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. चिखलीच्या एका मास्तरांनी रंगीत टीव्ही घेतला, म्हणून त्यांचा जुना काळा-पांढरा बाबांनी घेतला आणि गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून घरी आणला. आमच्या गल्लीतला तो पहिला. घर टिनपत्र्याचं. पत्र्यावर बांबूला अँटेना बांधला. टीव्हीचा मनोरा नेमका कुठे आहे हे बाबांना माहीत नव्हतं, बुलढाण्याच्या अंगाला तोंड केलं की चित्र येतं एवढंच त्यांना कळलं होतं. तेही धड यायचं नाही. नुसत्या मुंग्या. पण अँटेनाच्या नळीला कुणी हात लावून उभं राहिलं की मुंग्या बसायच्या आणि चित्र उघडायचं. हात काढला की गेलं. का ते देव जाणे. शेवटी आमच्या घरात तशी पद्धतच पडली. रविवारी सकाळी बाबा शिडीने पत्र्यावर जायचे आणि नळी फिरवायचे. मी उंबऱ्यावर उभी राहायची, एक पाय आत, एक बाहेर. वरून बाबा विचारायचे, "आलं का?" आत वाकून बघून मी ओरडायची, "नाई आलं!" मग "थोडं आलं!" मग "आलं, आलं!" आलं की ते नळी कपड्याने आवळून, तिथे एक ओली काडी की काय खोचून खाली यायचे. कधी ते टिकायचं, कधी पाच मिनिटांत जायचं. गेलं की पुन्हा वर.

आत गल्लीतली दहा-बारा पोरं दाटीवाटीने बसलेली. कार्टून हिंदीत, आम्हाला हिंदी येत नव्हती. शेजारच्या पिंजाऱ्याची थोरली मुलगी ते आम्हाला वऱ्हाडीत सांगायची. ती निम्मं मनाचं सांगते हे मला फार पुढे कळलं. तिच्या सांगण्यात अस्वलाला दोन बायका होत्या आणि दोघी त्याला जेवायला देत नव्हत्या. आम्ही हसून लोळायचो.

त्या अस्वलाची टोपी एका माकडाने पळवली होती. कितीतरी रविवार ते टोपी शोधत होतं, आणि दरवेळी सापडणार तेवढ्यात मुंग्या यायच्या. वैशाखातला रविवार होता. नऊ वाजताच पत्रा तापलेला. चप्पल घसरते आणि पत्रा दबतो म्हणून बाबा वर नेहमी अनवाणीच जायचे. त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा "नाई आलं" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा चित्र असं लख्ख आलं की मला त्या टोपीवरची पट्टी दिसली. टोपीवर पट्टी आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी आत गेले आणि पोरांमध्ये बसले. "आलं" म्हणून ओरडायचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरलेच. अस्वलाला टोपी सापडली. ती त्याने उलटी घातली आणि ते झाडावर आपटलं. मी इतकी हसले की मला उचकी लागली. नंतर जाहिराती लागल्या, त्याही आम्ही बघितल्या, कारण चित्र जात नव्हतं.

आई नदीवरून धुणं घेऊन आली. अंगणातून तिचा आवाज आला, "अहो, तुमी वर काय करून राह्यले?"

बाबा शिडीने उतरले. खालच्या दोन पायऱ्यांवर त्यांनी टाचा टेकवल्याच नाहीत. ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, बादली दे. दोन्ही तळपाय भाजून फोड आले होते. त्यांनी पाय बादलीत सोडले आणि डोळे मिटून बसले. आईने माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. बाबा एवढंच म्हणाले, "राहू दे. लेकराच्या ध्यानात नाई राह्यलं." चार दिवस ते पायाला फडकी बांधून शेतात गेले.

त्यानंतर मी उंबरा सोडला नाही. चित्र यायच्या आधीच "आलं" म्हणून ओरडायची. बाबा खाली आले, की मी त्यांच्या पायांकडे बघायची. त्या अस्वलाचं पुढे काय झालं मला आठवत नाही. मैत्रिणी ग्रुपवर कार्टूनची नावं भराभर लिहितात, मला आठवतात ते फोड. बाबांना सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पुढे लग्न झालं, पोर झाली, तरी ते राहिलंच.

तर बाबा आमच्याकडे येऊन दहा दिवस झाले होते. दुपारची वेळ. एका नवरीकडचे सात ब्लाऊज दुसऱ्या दिवशी द्यायचे होते आणि माझी मान धरली होती. बाबा अचानक म्हणाले, "परवाच्या रविवारी जातो मी. जावयाले म्हना, सुट्टी आहे त सोडून देजा."

"काऊन? महिना सांगतला ना डॉक्टरनं?"

"लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राह्यचं?"

"बाबा, ते जुनं झालं. खरं सांगा. माझं काय चुकलं?"

ते थोडा वेळ चष्म्याच्या काडीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तुहं घर लई चूप आहे वं."

मला राग आला. थकलेल्या माणसाला जसा येतो तसा, एकदम. सकाळी सहापासून मशीन धडधडतंय, पाय सुजलेत, आणि म्हणे घर चूप. मी म्हटलं, "चूप? या मशीननं माझ्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली."

"मशीनचं नाई म्हनत मी. हे पोरगी दिवसभर कार्टून पाह्यते. मले दिसत नाई, पन मी आयकत बसतो. म्हनलं आता हासन, मंग हासन. दहा दिवस झाले. एक डाव नाई हासली."

"कानात वायरी असतात तिच्या."

"कानात घातलं त तोंडाले काय झालं?"

मी लागेल असं बोलले. "तुमाले काय माहीत, कार्टून पाहून लेकरं हासतात का रडतात? तुमी कधी पाह्यलं कार्टून? तुमी त नेहमी पत्र्यावर..."

मशीनचं चाक मी हाताने धरून ठेवलं. खोलीत खरंच काही आवाज नव्हता. आणि मग जे तीस वर्षांत निघालं नव्हतं ते त्या सात ब्लाऊजांच्या ढिगावर निघालं. म्हटलं, त्या दिवशी चित्र आलं होतं बाबा. मी सांगितलं नाही. मी आत जाऊन बसले. तुमचे पाय माझ्यामुळे भाजले.

बाबांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"चित्र आलं ते. पत्र्यावरून सगळं आयकू येत होतं ना. तुमी सगळे हासून राह्यले होते. तू त अशी हासत होती की तुले उचकी लागली. मले वाटलं, हात सोडला त चित्र जाईन. म्हनून उभा राह्यलो."

"पण चटके बसत होते ना?"

"हाव, बसत होते." ते हसले. "मधी एक पाय उचलू, मधी दुसरा. पन पाय उचलला तरी नळी सोडली नाई."

मला आता हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट सगळा थकवा एकदम अंगावर आला. ज्याची त्यांनी कधी तक्रारच केली नाही ते मी इतकी वर्षं वागवत बसले. आणि ज्या आवाजासाठी ते तापल्या पत्र्यावर उभे राहिले, तो आवाज मी माझ्या घरात स्वतः वायरी विकत आणून बंद केला. मी रडले. बाबांना ते दिसलं नसावं, पण ऐकू आलं असणार. ते म्हणाले, "थेंब टाकायचे राह्यले वं दुपारचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरी काढून कपाटात टाकल्या. लेकीला म्हटलं, आबांना सांग त्यात काय चाललंय. तिने दोन मिनिटं सांगितलं, "आबा, ये ना, बहुत ताकतवर है." बाबा म्हणाले, "कोन हाय ताकदीचा?" तिला वऱ्हाडीत सांगता येईना, त्यांना तिची हिंदी समजेना. मोबाईलच्या किंकाळ्यांनी माझी मान आणखी धरली. एक ब्लाऊज चुकीचा कापला. तासाभराने गिऱ्हाईक आलं, लेक रडायला लागली, आणि मी कपाटातून वायरी काढून पुन्हा तिच्या कानात घातल्या. ग्रुपवर हे कुणी लिहीत नाही.

रविवारी बाबा गेले. नवरा चिखलीला गाडी बदलून त्यांना उंद्रीला सोडून आला. जाताना मी त्यांना माझा जुना मोबाईल दिला, कारण त्यांच्या साध्या फोनवर तोंड दिसत नाही. हिरवं बटण कोणतं ते चार वेळा दाखवलं. लेकीने त्यांना वाकून नमस्कार केला, एका कानात वायर तशीच.

पंधरा दिवस त्यांचा फोन आला नाही. मी केला तर लागायचा नाही. गावच्या घरात रेंज नसते हे मला माहीत होतं. भावाने पत्रा काढून स्लॅब टाकला आहे, त्या स्लॅबखाली तर काहीच येत नाही. शेजाऱ्यांकडून कळलं की डोळा बरा आहे.

मग चैत्रातला एक रविवार. मी कामाला बसलेले, लेक नेहमीच्या जागी. तिच्या हातातला मोबाईल वाजला आणि कार्टून मध्येच थांबलं. तिने तोंड वाकडं केलं आणि वैतागून बटण दाबलं. मला काही ऐकू येत नव्हतं, आवाज तिच्या कानात. तिचा चेहरा तेवढा दिसत होता. आधी कपाळाला आठी. मग भुवया वर गेल्या. आणि मग ती हसली. कानात वायरी असल्या की माणसाला आपला आवाज कळत नाही, तशी ती मोठ्याने, घर भरून हसली. मी दचकून सुई बोटाला लावून घेतली.

उठून तिच्या मागे गेले. पडद्यावर बाबा उलटे होते. हनुवटी वर, आभाळ खाली, मधे एक मोठी नाकपुडी. चित्र अडकत होतं, सुटत होतं. मी वायर उपटली.

"...आलं का? आलं का चित्र?" बाबांचा आवाज खोलीत आला.

"आलं, बाबा," मी म्हटलं. "कुठं आहे तुमी?"

"वर. स्लॅबवर. खाली काई येत नाई. इथं बुलढान्याच्या अंगाले तोंड केलं त येते."

"उन्हात उभे आहे तुमी? पायात चप्पल आहे का?"

"हे पाह्य." त्यांनी मोबाईल खाली नेला. आभाळ, कठडा, धोतर, मग दोन पाय. रबरी चप्पल होती, पण डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात. बोटं बाहेर आलेली. बाबांनी अंगठा हलवून दाखवला. लेक पुन्हा हसायला लागली, पोट धरून, आणि हसता हसता तिला उचकी लागली.

तिकडे बाबांनी मोबाईल कानाला लावला असावा, कारण पडद्यावर नुसता पांढऱ्या केसांचा कल्ला दिसत होता.

"हासली का वं ते?"

"हाव बाबा, हासली."

"मंग राहू दे. खाली गेलो त जाते."

लेक म्हणाली, "आबा, फिर से दिखाओ." बाबांनी पुन्हा पाय दाखवले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते. चैत्राचं ऊन, नवीन डोळा, वर स्लॅब तापायला लागला असणार. त्यांना खाली या म्हणायला हवं होतं. या वेळी मी काही विसरले नव्हते. मी दिवाणावर लेकीजवळ जाऊन बसले, आणि खाली या म्हटलं नाही.